छोट्या रेल्वेतली उंच बांधकामे नुसत्या भागाकाराने होत नाहीत

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मॉडेल रेल्वेवर लेख आला होता. या छंदाला मराठी वर्तमानपत्रात अर्धे पान मिळाले याचा आनंद आहे. रूळ, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) आणि विजेच्या जोडण्यांचा भाग चांगला जमला आहे. उंच बांधकामांच्या चौकटीबद्दल मात्र लिहिणे भाग आहे. मूळ वास्तूची उंची ८७ ने भागा, तेवढा थर्माकोल कापा, ग्लूगनने लेआउटवर, म्हणजे रूळ मांडलेल्या टेबलावर, पक्का चिकटवा, असा तिथला सल्ला आहे. तो पाळून केलेली इमारत पहिल्याच उन्हाळ्यात कलते आणि तिच्यामागे गाडी घसरली की तोडूनच काढावी लागते. उंची किती, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी येतो. बघणाऱ्याचा डोळा कुठे आहे, हात कुठवर पोहोचतो आणि वजन कुठे बसते, हे त्याआधी ठरवावे लागते.

आधी भागाकारच करून बघू. एचओ या मॉडेल रेल्वेच्या मापात प्रमाण १:८७, एका मीटरचे साडेअकरा मिलिमीटर. नाशिकच्या गंगापूर रोडला दिसते तशी पार्किंगवर बारा मजल्यांची इमारत घेतली आणि प्रत्येक टप्पा ३ मीटरचा धरला, तर एक मजला ३४.५ मि.मी. आणि सगळी इमारत साधारण ४५० मि.मी. होते. हे टेबलावर मावते. पण एकलहऱ्याची आठवण म्हणून वीजकेंद्राची चिमणी करायला घेतली आणि ती समजा १५० मीटरची धरली, तर १,७२४ मि.मी. होतात. टेबल १,२०० मि.मी. उंच असेल तर बेरीज २,९२४. घराचे साडेनऊ फुटी छत २,८९६ मि.मी.वर असते. म्हणजे चिमणीचे तोंड वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या घरात निघणार. एन स्केलमध्ये, म्हणजे १:१६० ला, हीच चिमणी ९३७ मि.मी. भरते. ती खोलीत मावते, पण तिच्यापुढे बाकीचे सगळे नाशिक खेळण्यासारखे दिसते.

म्हणून उंची कमी करावी लागते, आणि ती कशी करायची यातच खरी गोम आहे. कमी करायचे ते मजले, मजल्याची उंची नव्हे. बारा मजल्यांचे आठ केले तर सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पण ३४.५ चा मजला २८ चा केला की दारे खुजी होतात आणि शेजारी उभा केलेला १९ मि.मी.चा माणूस राक्षस वाटू लागतो. दार २४ मि.मी., बाल्कनीचा कठडा १२ मि.मी., तळमजल्याचे दुकान चार मीटरचे म्हणजे ४६ मि.मी. ही मापे हलवू नयेत. चिमणीला दार-खिडकी नसते, त्यामुळे तिथे मोकळीक जास्त. ६०० मि.मी.ची चिमणी मागच्या बाजूला ठेवली आणि तिच्या पायथ्याची शेड अर्ध्या मापाची केली तरी ती मोठी भासते. फक्त अशा लहान मापाच्या शेडजवळ एचओचा ट्रक किंवा माणूस ठेवू नये. एकच ओळखीची वस्तू दोन मापांत शेजारी आली की सगळा भास एका क्षणात मोडतो.

डोळ्याचे गणित असे. टेबल ११०० मि.मी.चे, उभ्या माणसाचा डोळा साधारण १५५० मि.मी.वर. फरक ४५०. म्हणजे ४५० मि.मी.पेक्षा बुटक्या प्रत्येक इमारतीची गच्ची मोठ्या माणसाला दिसणारच. तिथे लिफ्टची खोली, सौर बंबाच्या तिरक्या पट्ट्या, डिश अँटेना आणि काळी टाकी पाहिजे. हजार लिटरची टाकी १३-१४ मि.मी. येते, जाड मार्करचे टोपण कापून काळे रंगवले की काम झाले. ४५० च्या वरच्या गच्चीवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. तिथे बाल्कन्यांची खालची बाजू दिसते. बहुतेक जण ती रंगवायची सोडून देतात. बघायला येणारी शाळकरी मुले तर बहुतेक बाल्कन्यांच्या पोटाकडे बघत असतात.

हाताचे गणित आणखी सोपे, पण तेच विसरले जाते. टेबलाच्या कडेपासून ६० ते ७० सेंटिमीटरपर्यंत हात पोहोचतो, तोही मध्ये काही आडवे नसेल तर. पुढच्या ओळीत ४०० मि.मी.ची इमारत आणि तिच्यामागे सांधा, ही मांडणी म्हणजे हमखास डोकेदुखी, कारण गाडी घसरते ती बहुतेक सांध्यावरच. उंच बांधकाम मागे किंवा टोकाला ठेवावे. पुढे ठेवणे अगदीच टळत नसेल तर ते एका हाताने उचलता आले पाहिजे.

आता सामान. थर्माकोलला धार येत नाही, कोपरे भुरभुरतात, स्प्रे पेंट आणि फेव्हिबॉन्ड दोन्ही त्याला वितळवतात. डोंगराला तो चालेल, इमारतीला नाही. दुकानात सनबोर्ड मागितला की दोन वेगळ्या गोष्टी मिळू शकतात. एक सलग पीव्हीसीचा पांढरा तक्ता, दुसरा दोन बाजूंना कागद आणि मध्ये फोम असलेला. दुसऱ्यात फेव्हिक्विक टाकले की मधला फोम खाल्ला जातो. भिंतींना पीव्हीसीचा ३ मि.मी.चा घ्यावा. स्वस्तात करायचे तर बाइंडिंगवाल्यांकडचा २ मि.मी.चा पुठ्ठाही चांगला, पण त्याची एक खोड आहे. त्यावर एका बाजूने छापील कागद चिकटवला की भिंत धनुष्यासारखी वाकते. कागद फेव्हिकॉलने ओला झाल्यावर पसरतो, वाळताना आखडतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. १०० मि.मी.च्या भिंतीत हे कळत नाही, ४५० च्या भिंतीत मध्यभागी चांगली फट पडते. उपाय एकच: आतल्या बाजूनेही तेवढाच, तसलाच कागद त्याच वेळी चिकटवायचा आणि रात्रभर वजनाखाली सपाट ठेवायचा. पावसाळ्यात दोन रात्री.

सातपूर-अंबडच्या बाजूला लेझर कटिंग करून मिळते. खिडक्या खूप असतील तर तिकडेच द्यावे, कारण मजल्याला चार बाजूंनी सहा-सहा खिडक्या म्हटल्या तरी बारा मजल्यांच्या २८८ होतात. त्यातही दिसणाऱ्या दोनच बाजू कापाव्या, मागच्या दोन कोऱ्या चालतात. लेझरला द्यायचा माल एमडीएफ, पुठ्ठा किंवा अॅक्रिलिक असावा. पीव्हीसी सनबोर्ड लेझरवर कधीही देऊ नये. त्यातून विषारी आम्लयुक्त वायू निघतो आणि यंत्रही गंजते. जाणता कारागीर तो परतच पाठवतो. ३ मि.मी. म्हणून मिळणारे एमडीएफ प्रत्यक्षात २.७ ते ३ मध्ये काहीही भरते, म्हणून व्हर्नियरने मोजूनच खाचांची रुंदी द्यावी. खाच जाडीपेक्षा ०.१ मि.मी. कमी दिली, तर लेझरने जाळलेली रेघ धरून भाग घट्ट बसतात.

इमारत उभी करण्याआधी चारही बाजू टेबलावर सपाट असतानाच पूर्ण कराव्यात. रंग, खिडकीमागची पारदर्शक शीट, पाण्याचे पाइप, बॉक्स ग्रिल, एसीची पेटी, सगळे. उभ्या इमारतीच्या आठव्या मजल्यावर ब्रश फिरवणे आणि ओघळ न येऊ देणे कुणालाच जमत नाही. खिडकीची शीट भिंतीच्या पुढच्या पातळीत नको, १ मि.मी. तरी आत हवी. सावली पडली तरच भिंतीला जाडी आहे असे वाटते. बाल्कनीचा स्लॅब १४ मि.मी. बाहेर आणि जाडीला १.५ मि.मी. काठावर वाळत घातलेल्या कपड्यांचे तीन-चार रंगीत कपटे. एवढ्यावर ती इमारत नाशिकची होते, परदेशी किटची राहत नाही.

उंच पेटी सरळ राहण्यासाठी आत आडवे चौकोनी तुकडे लागतात. दर तिसऱ्या मजल्याला, म्हणजे साधारण १०५ मि.मी.वर, एक चौकोन आत बसवावा. चौकोन सगळे एकाच वेळी, एकावर एक दाबून कापावेत. कोपऱ्यात १२ मि.मी.ची चौरस लाकडी पट्टी खालपासून वरपर्यंत. तळाचा काटकोन गुण्याने तपासावाच, शिवाय दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत का तेही पाहावे. १०० मि.मी. रुंदीच्या तळात एका बाजूला १ मि.मी. उंचवटा राहिला तर ४५० मि.मी. उंचीवर इमारत साडेचार मि.मी. झुकते. एकटीच असेल तर खपून जाते, शेजारी दुसरी उंच इमारत असेल तर दोघी एकमेकींकडे कलल्यासारख्या दिसतात. नेमके इथेच ग्लूगन घात करते. त्याचा थर जोडात अर्धा-एक मिलिमीटर जाडीचा राहतो, आणि पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या बंद गाडीत तो मऊ पडून जोड सरकतो. पुठ्ठ्याला आणि लाकडाला फेव्हिकॉलचा पातळ थर, पीव्हीसीला फेव्हिबॉन्ड. शेवटचा जोड वाळेपर्यंत दोऱ्याला नट बांधून केलेला ओळंबा दोन बाजूंनी लावून बघावे. ओळंबा असो की स्पिरिट लेव्हल, टेबल तिरके असेल तर ती चूक इमारतीत उतरते. आधी टेबल समतल करावे, मग इमारत.

वजनाचे सांगायचे तर १०० मि.मी. रुंद, ४५० उंच पोकळ पेटीचा गुरुत्वमध्य मध्यावर, म्हणजे २२५ मि.मी.वर असतो. साडेबारा अंश कलली की ती पडते. तळाला १२ मि.मी.चे प्लाय आणि त्यावर फरशीचा तुकडा किंवा वाळूची पिशवी पक्की बसवून गुरुत्वमध्य ८० मि.मी.वर आणला, तर पडायला ३२ अंश लागतात. प्रदर्शनाला रिक्षातून नेताना या वीस अंशांची किंमत कळते. प्लायच्या तळाला खालून ६ मि.मी.चे दोन लाकडी खुंट, टेबलात तशीच दोन भोके. दोन्ही खुंट मध्यरेषेपासून सारख्याच अंतरावर ठेवू नयेत. एक थोडा सरकवला की इमारत उलटी बसूच शकत नाही. दिव्यांच्या तारेला तळाशी दोन पिनांचा कनेक्टर. टेबल आणि तळ यांतली फट ३ मि.मी. जाडीच्या फूटपाथच्या पट्टीखाली झाकली जाते. चिकटवण्याचे काहीच कारण उरत नाही.

दिव्यांसाठी १२ व्होल्टची पिवळसर पांढरी एलईडी पट्टी पुरते, पण तिला ९ व्होल्टच द्यावे. पूर्ण दाबावर घराऐवजी शोरूम वाटते. पट्टी लावण्याआधी भिंती आतून काळ्या, मग त्यावर पांढऱ्या रंगवाव्या. नुसता पांढरा दिला तर पुठ्ठ्यातून आणि कोपऱ्यांतून उजेड झिरपतो. आतले चौकोन इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडतात; प्रत्येक टप्प्याचा दिवा वेगळा ठेवून काही मजले अंधारे ठेवता येतात.

चिमणीकडे वळू. बहुतेक जण पीव्हीसी पाइप उभा करतात आणि तो पाइपच दिसतो, कारण खऱ्या चिमणीला वर निमुळतेपणा असतो. आयव्हरी कार्डशीट गुंडाळून निमुळती नळी करणे अवघड नाही. तळाचा व्यास ६०, तोंडाचा ३६, उंची ६०० मि.मी. धरा. ही नळी उलगडली तर तिचे खालचे टोक सरळ रेषेत येत नाही, १,५०० मि.मी. त्रिज्येच्या कमानीत येते (६० गुणिले ६००, भागिले व्यासांतला फरक २४). वरची कमान ९०० मि.मी. त्रिज्येची. खालची रुंदी १८८, वरची ११३. १८८ मि.मी.मध्ये ती कमान जेमतेम ३ मि.मी. वाकते, म्हणून लोक ती सरळ कापतात. मग जोडाची बाजू खाली ३ मि.मी. जास्त येते आणि ६० मि.मी.च्या तळावर ३ मि.मी. म्हणजे ६०० मि.मी. उंचीवर ३० मि.मी. कल! दीड मीटर दोऱ्याच्या एका टोकाला खिळा, दुसऱ्याला पेन्सिल, आणि जमिनीवर पसरलेल्या कार्डावर कमान मारावी. दोरा ताणणारा नको, नायलॉनपेक्षा सुतळी बरी. जोडासाठी १० मि.मी.ची पट्टी एका बाजूला जास्त ठेवावी. कार्डाचा तंतू उंचीच्या दिशेने हवा, नाहीतर गुंडाळताना घड्या पडतात. छोटा तुकडा दोन्ही दिशांनी वाकवून बघितला की सोपी दिशा कळते.

आत २ मि.मी.च्या पुठ्ठ्याच्या चकत्या दर १५० मि.मी.ला: बाहेरचे व्यास ६०, ५४, ४८, ४२, ३६, त्यातून कार्डाच्या जाडीसाठी प्रत्येकी १ मि.मी. वजा. सगळ्या चकत्यांच्या मध्ये ६ मि.मी.चे भोक आणि त्यातून आटेवाला रॉड, दोन्ही बाजूंनी नट. हा रॉड चिमणीला सरळ ठेवतो आणि खाली टेबलातून नटाने आवळताही येतो. वरच्या टोकाला लाल-पांढरे पट्टे रंगवायचे ते मास्किंग टेप लावून, आणि टेप रंग ओलसर असतानाच ओढायची. लाल दिव्यासाठी ३ मि.मी.चा एलईडी घेऊ नये. तो मूळ मापात पाव मीटरहून मोठा होतो. तांदळाच्या दाण्याहून बारीक एसएमडी एलईडी मिळतो. १२ व्होल्टवर त्याला २.२ किलोओहमचा रेझिस्टर पुरतो.

जलकुंभाबद्दल थोडक्यात. नाशिकचा कुठलाही भाग दाखवायचा तर जलकुंभ हवाच, आणि तो सगळ्यांत कमी खर्चात होतो. अर्ध्या किलोच्या श्रीखंडाच्या गोल डब्याचा व्यास १०५ मि.मी.च्या आसपास असला तर तो नऊ मीटर व्यासाची टाकी म्हणून चालतो. खाली ५ मि.मी.चे आठ खांब, वर्तुळावर ४५ अंशांनी, उंची १७० मि.मी., दर ४५ मि.मी.ला आडव्या तुळया. खांब एकेक करून कापले तर टाकी डुगडुगते. आठही एकत्र टेपने बांधून एकदाच कापावेत. डब्याचे प्लास्टिक गुळगुळीत असते, त्यावर रंग धरत नाही आणि महिन्याने सालपटासारखा सुटतो. २२० नंबरचा पॉलिश पेपर आणि प्लास्टिकचा प्रायमर या दोन्ही पायऱ्या टाळता येत नाहीत.

लेखात सगळ्यांत कमी जागा पुलाला मिळाली आहे, आणि नाशिककरांच्या दाराशीच तर त्याचा नमुना आहे. कसारा-इगतपुरी घाट १८६५ मध्ये रेल्वेला खुला झाला. चढ ३७ ला १, मागून ढकलायला बँकर इंजिने लागतात ती त्यामुळेच. या घाटात एहेगावचा पूल १८० फुटांच्या आसपास उंच आहे: उंच दगडी खांब, वर लोखंडी गर्डर. एचओमध्ये ही उंची ६३० मि.मी. होते. आता कुणी रूळ टेबलावरून ६३० मि.मी. वर चढवायचा म्हणाला, तर घाटाच्याच चढाने त्याला २३ मीटरपेक्षा जास्त लांबी लागेल. एवढी लांबी घरात नाही, आणि ३७ ला १ च्या चढावर घट्ट वळणही आले की बहुतेक छोट्या इंजिनांची चाके पाच-सहा डब्यांतच जागेवर फिरू लागतात. म्हणून रूळ आहे त्या पातळीवर ठेवायचा आणि जमीन खाली न्यायची. टेबलावर सलग प्लाय न टाकता लाकडी चौकट उघडी ठेवावी आणि पुलाच्या जागी चौकट ४००-४५० मि.मी. खाली उतरवावी. हे सुताराला पहिल्या दिवशी सांगावे लागते. रूळ टाकल्यावर दरी खणता येत नाही. खांब ६३० ऐवजी ४२० चे केले तरी दरीत बघणाऱ्याला पुरेसे गरगरते.

खांबांना खाली रुंदी हवी. २४ ला १ उतार धरला तर ४२० मि.मी. उंचीत प्रत्येक बाजूला साडेसतरा मि.मी. वाढतात, म्हणजे वर ४० तर खाली ७५. बाजू सरळ ठेवल्या की खांब फ्लायओव्हरचे दिसतात. पीव्हीसी सनबोर्डवर रिकाम्या बॉलपेनने दगडांच्या रेघा छान उमटतात. एक थर साडेतीन मि.मी.चा. चारही बाजू न कापता शेजारी-शेजारी ठेवून आडव्या रेघा एकदम मारून घ्याव्यात, म्हणजे कोपऱ्यावर थर जुळतात. न जुळलेला कोपरा दगडी बांधकाम असल्याचा सगळा बहाणा उघडा पाडतो. दगड आपल्याकडचा काळा बेसॉल्ट: गडद करडा, त्यात थोडा तपकिरी. परदेशी पेटीवरच्या चित्रासारखा पिवळसर रंग इथे शोभत नाही. रंग वाळल्यावर पांढऱ्या सिमेंटमध्ये थोडा करडा रंग मिसळून पातळ लावायचे आणि लगेच ओल्या फडक्याने पुसायचे. सांध्यांत तेवढे उरते. शेवाळ पाणी झिरपते तिथेच, म्हणजे गर्डरच्या टेकांखाली आणि पायथ्याला. सगळ्या खांबाला हिरवे फासू नये.

रूळ मात्र या खांबांवर टेकवू नये. सनबोर्डचा खांब दमट हवेत, धक्क्याने, कशानेही अर्धा मिलिमीटर हलतो आणि जोडावर अर्ध्या मिलिमीटरची पायरी गाडी घसरवायला पुरते. स्लायडिंग खिडक्यांची कामे करणाऱ्यांकडे २५ बाय १२ च्या अॅल्युमिनियम नळीचे उरलेले तुकडे मिळतात. अशा दोन नळ्या दरीच्या दोन्ही काठांवर पक्क्या बसवून त्यांवर ६ मि.मी.चे प्लाय, मग ३ मि.मी. कॉर्क आणि रूळ. बाहेरून कार्डाचे गर्डर लावले की नळ्या दिसत नाहीत. खांब सगळ्यांत शेवटी, खालून सरकवून, अर्धा मि.मी. मोकळा ठेवून बसवायचे. ती फट टेकाच्या कपट्यामागे जाते. रूळ चिकटवावा, खिळू नये: खिळे आरपार जाऊन दोन्ही रुळांचे नळीला लागले की शॉर्ट सर्किट, आणि ते शोधण्यात आख्खा रविवार जातो. नाशिकच्या हिवाळ्यातल्या १० आणि उन्हाळ्यातल्या ४० अंशांमध्ये एक मीटर रूळ सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो, तेवढी फट पुलाच्या दोन्ही टोकांना ठेवावी. प्रदर्शनात पुलाच्या बाजूंना २५ मि.मी.ची पारदर्शक अॅक्रिलिकची पट्टी लावण्यात कमीपणा नाही. ४२० मि.मी.वरून पडलेले इंजिन दुरुस्त होईलच असे नाही.

खांब असो की इमारत, रुळाच्या किती जवळ चालेल हे लेखात सरळ मार्गाचे दिले आहे. वळणावर ते चुकते. जुन्या पद्धतीचा आयसीएफ डबा २१.३४ मीटर लांब, ३.२४५ मीटर रुंद, बोगींच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या दोन संचांच्या, केंद्रांतले अंतर १४.७८ मीटर. एचओमध्ये २४५, ३७ आणि १७० मि.मी. ४५० मि.मी. त्रिज्येच्या वळणावर डब्याचा मध्य आतल्या बाजूला ८ मि.मी. आणि टोके बाहेर साडेआठ मि.मी. सरकतात. डब्याची अर्धी रुंदी १८.६ आणि साडेतीन मि.मी. सूट धरली तर रुळाच्या मध्यापासून आत-बाहेर ३१ मि.मी.पर्यंत काही नको. नव्या पद्धतीचे एलएचबी डबे जास्त लांब, त्यांची टोके १२ मि.मी. बाहेर येतात, तिथे ३५ धरावे. हिशेब जड वाटला तर लांबात लांब डब्याच्या चारही कोपऱ्यांना आणि मध्यावर पेन्सिल टेपने लावून तो हाताने वळणावरून फिरवावा. रेघा आपोआप पडतात.

मागच्या रंगवलेल्या आभाळाला चिकटून पूर्ण जाडीची इमारत ठेवली की तिची सावली आभाळावर पडते आणि सगळे नाटक उघडे होते. एकतर १५० मि.मी. अंतर ठेवावे किंवा २०-३० मि.मी. जाडीची अर्धी इमारतच आभाळाला लावावी, तीही रंगात थोडा पांढरा आणि निळसर करडा मिसळून.

आता राहिली ती दुरुस्ती, जी आपण छापावी अशी विनंती. अॅक्रिलिक जोडण्यासाठी लेखात क्लोरोफॉर्म सुचवले आहे. कारखान्यात ते वापरतात हे खरे, पण त्याची वाफ बंद खोलीत घातक असते आणि ही पुरवणी शाळकरी मुले वाचतात. त्यांच्यासाठी अॅक्रिलिकच नको. पुठ्ठा आणि फेव्हिकॉल यांत वरच्या इमारती होतात. खिडकीला पारदर्शक ओएचपी शीट पुरते. कटरला दर दहा-बारा कापांनंतर नवे टोक मोडून घ्यावे, बोथट पात्यावर जोर लावतानाच बोटे कापली जातात, आणि पट्टी स्टीलची असावी. शाळांची विज्ञान प्रदर्शने तोंडावर असल्याने ही दुरुस्ती पुढच्याच रविवारी, त्याच पानावर यावी.

आपले,
छोट्या रेल्वेचा नाद असलेले काही वाचक,
नाशिक रोड